मामूंच्या वहीतला एक मैला दिवस

आमच्या मामूंइतका स्वच्छ माणूस या पृथ्वीवर झाला नाही, आणि कधी झाला असलाच तर मामूंनी त्यालाही समोर उभा करून एकदा पुसून घेतला असता. सौदीत, ताइफला आमच्या घरी ते पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा बायकोने घासून, धुऊन, पुसून मांडलेली ताटं त्यांनी खिशातलं पांढरं फडकं काढून पुन्हा पुसली. स्वतःचं एकट्याचं नव्हे, चौघांची. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मामू गेल्यावर म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी तुमच्या मामूंना सरळ भांडीच घासायला बसवा." हे मी गमतीने मामूंना सांगितलं, ती माझी चूक. पुढच्या शुक्रवारी ते तासभर आधी आले, बाह्या सरसावून सिंकपाशी उभे राहिले आणि आमच्या कुकरचा तळ लग्नानंतर प्रथमच पांढरा दिसला. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण तिसऱ्या शुक्रवारी तिने विचारलं, "मामू येणार आहेत ना?"

मामू माझे मामा नव्हते. मी कोल्हापूरकडचा, ते रत्नागिरीच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावचे. पण क्लबात केरळच्या पोरांपासून सुदानी ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना मामूच म्हणत, आणि ते सगळ्यांना त्यांच्या कामावरून हाक मारत. मला ते 'मेस्त्री' म्हणायचे. ताइफच्या बाहेर डोंगराच्या कुशीत हा नेमबाजीचा क्लब आहे. मातीच्या थाळ्या हवेत उडवायच्या आणि बंदुकीने फोडायच्या, असा तो खेळ. थाळ्या उडवणारी यंत्रं माझ्याकडे होती. त्या फोडणारी काडतुसं मामूंकडे. वापरलेली रिकामी काडतुसं गोळा करायची, निवडायची, हाताने चालवायच्या एका प्रेसवर चढवून त्यांत बार पेटवणारी नवी टोपी, मोजून बारूद आणि छर्रे भरायचे आणि तोंड दुमडून बंद करायचं, हे काम ते बावीस वर्षं करत होते. बाजारात तयार काडतुसं मिळतात, पण आमच्या कफीलला, म्हणजे आम्हाला इथे आणणाऱ्या मालकाला, आपल्या क्लबच्या भरलेल्या काडतुसांचा भारी अभिमान. पाहुणे आले की तो हातात एक घेऊन दाखवायचा आणि सांगायचा, हे आमच्या हिंदीने, म्हणजे हिंदुस्थानी माणसाने, भरलंय.

त्या भरण्याच्या खोलीत जायचं म्हणजे पुण्यवान माणसाचं काम. चपला बाहेर. मोबाइल बाहेर. सिगारेट तर बाहेरच्याही बाहेर, पार मोठ्या फाटकाशी. दाराजवळ तांब्याची एक तार जमिनीत गाडलेली होती, तिला हात लावल्याशिवाय आत पाऊल नाही. ताइफची हवा थंड आणि कोरडी, अंगात वीज साठते आणि बोटातून ठिणगी उडते, हे कारण मला नंतर कळलं. आधी मला वाटायचं, उंबऱ्याला हात लावून आत जावं तसं काहीतरी असेल. पहिल्या दिवशी मी चकाकत्या कापडाचा ट्रॅकसूट घालून गेलो तर मामूंनी दारातच अडवलं. "मेस्त्री, ह्या कापडाला ठिणगी येते. सुती घालून ये." मी म्हटलं, घरी जाऊन कपडे बदलून यायला अर्धा तास जाईल. ते म्हणाले, "अर्धा तास जाऊ दे. हात गेला तर परत येत नाय." आणि त्यांची स्वतःची दाढी! शुभ्र, छातीपर्यंत. ती खोलीत शिरण्याआधी बाहेर उभं राहून विंचरायची, गळलेला केस बोटाने उचलायचा, आणि वर सगळी दाढी रुमालात बांधून टाकायची. एखादा केस मापात पडेल म्हणून. रुमाल बांधलेले मामू प्रेसवर वाकलेले दिसले की दातदुखी झालेल्या माणसासारखे दिसायचे.

त्यांच्याकडे तीन ब्रश होते. लाल दोऱ्याचा बारुदीच्या मापासाठी, निळ्या दोऱ्याचा टोप्यांच्या खाचेसाठी, पांढऱ्या दोऱ्याचा टेबलासाठी. एकाने दुसऱ्याचं काम केलं की तो ब्रश त्यांच्या लेखी बाटला. टेबलावर एका वेळी बारुदीचा एकच डबा. काम संपलं की उरलेली बारूद त्याच दिवशी, त्याच डब्यात परत, झाकण घट्ट, डबा कपाटात. मग प्रेस उघडायचा, पुसायचा, वरची, मापात बारूद सोडणारी काचेची नळी काढून धुऊन उलटी ठेवायची आणि सगळ्यावर धुतलेल्या लुंगीचा एक तुकडा पांघरायचा. मुदीरने, म्हणजे आमच्या व्यवस्थापकाने, एकदा प्रेमाने त्यांना मोठा व्हॅक्यूम क्लीनर आणून दिला. मामूंनी तो दोन्ही हातांनी उचलून परत त्याच्याच केबिनमध्ये नेऊन ठेवला. म्हणाले, "इसके पेट में मोटर है, मोटर में चिंगारी है, और जमीन पे बारूद है. ये आपके गालीचे के लिए अच्छा है." मुदीरला राग यायला हवा होता. पण त्याचा गालीचा खरंच घाण होता.

आणि माकडं. ताइफच्या डोंगरात मानेवर आयाळ असलेली दांडगी माकडं टोळ्यांनी फिरतात, आणि त्यांना क्लबचा डबे ठेवायचा कट्टा पाठ आहे. एकदा त्यांतलं एक, मामूंनी दोरीवर वाळत घातलेलं फडकं घेऊन पळालं. मामू वयाच्या साठीत त्याच्यामागे दगडांवरून चढत गेले. माकड कंटाळलं, फडकं टाकून निघून गेलं. मामू फडकं चिमटीत धरून खाली आले आणि माझ्यासमोर त्यांनी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मी म्हटलं, "मग पळालात कशाला एवढं?" तर म्हणे, "त्याच्याकडं ठेवून कसं चालंल? ते तेनं कुठंतरी पुसलं असतं."

हे सगळं एका वहीत उतरायचं. क्लबच्या नियमाप्रमाणे रोज संध्याकाळी साफसफाईची नोंद करून सही करायची. तारखेसमोर मामू मराठीत एकच शब्द लिहायचे: 'साफ'. गावच्या शाळेतलं, पाटीवर गिरवलेलं, गोल अक्षर. मुदीरने एकदा विचारलं, हे काय लिहितोस. मामूंनी वाचून दाखवलं. मुदीरने मान डोलावली आणि शिक्का मारला. वर्षांनुवर्षांच्या वह्या कपाटात होत्या, आणि पानापानावर वरपासून खालपर्यंत साफ, साफ, साफ. मी चेष्टेने म्हणायचो, "मामू, एखाद्या दिवशी 'बरं' तरी लिहा, बदल म्हणून." ते हसायचे नाहीत. म्हणायचे, "माणूस माफ करतो, अल्ला माफ करतो. बारूद माफ करत नाय."

आता मी माझ्या शहाणपणाकडे येतो.

माझ्या वडिलांचं गावी लेथचं वर्कशॉप होतं. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा. लेथ, ड्रिल, पाने, हातोड्या, सगळं धुऊन हळदकुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या, आणि त्या दिवशी यंत्र बंद. परदेशात आल्यावर बंद ठेवणं माझ्या हातात राहिलं नाही, पण नवमीच्या सकाळी कुणी यायच्या आत माझ्या पान्यांना आणि थाळ्यांच्या यंत्रांना आतल्या बाजूला, दिसणार नाही असं बोट लावायचं, एवढं मी करत आलो. हे इथे चालत नाही हे मला माहीत होतं. त्या वर्षी पुडीत अक्षता उरल्या. मनात आलं, क्लबातलं सगळ्यात मोलाचं यंत्र तर मामूंचं, तेवढंच का वगळायचं? पंख्याच्या दुरुस्तीसाठी खोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे असायची. मी चपला काढल्या, तारेला हात लावला, सुती सदरा होताच. फडकं उचललं, प्रेसच्या पायथ्याला मागून कुंकवाचं बोट लावलं आणि वरून चिमूटभर अक्षता सोडल्या. मग भीती वाटली. टेबलावर दिसतील तेवढे दाणे वेचून घेतले, फडकं होतं तसं घातलं आणि बाहेर आलो. मामूंचं यंत्र सुखरूप राहो, असं मी मनापासून म्हटलं होतं. काचेची नळी काढलेली होती आणि तिच्या जागी मापाचं तोंड उघडं होतं, हे माझ्या, म्हणजे एका मेस्त्रीच्या, लक्षात आलं नाही.

मामूंनी येऊन फडकं काढलं, नळी बसवली आणि दिवसभर काडतुसं भरली. दोन दिवसांनी कफीलच्या पाहुण्यांचे सामने होते. संध्याकाळी मी निरोप घ्यायला त्यांच्या दाराशी गेलो तर मामू नेहमीसारखे उरलेली बारूद कागदावर ओतत होते. काळ्या रव्यासारख्या त्या बारुदीत सगळ्यात शेवटी एक दाणा पडला. तांदळाचा. लालसर.

मामू त्या दाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दाढीचा रुमाल सोडला, तोही झटकून बघितला. सदऱ्याच्या बाह्या उलट्या केल्या. खिसे उलटे केले. मी विचारलं, काय झालं? ते हळूच म्हणाले, "माझ्या घरचा तांदूळ हाय हा. गावचा उकडा, लाल. मीच खातो हितं, दुसरा कोण खातो? माझ्याच कापडाला लागून आत आयला." आणि मग स्टुलावर बसले. "मेस्त्री, म्हातारा झालो मी. मना आता दिसत नाय."

त्यांना मी रागावलेलं पाहिलं होतं, माकडामागे पळताना पाहिलं होतं, पण असं बसलेलं नव्हतं पाहिलं. बावीस वर्षांचा स्वतःवरचा विश्वास त्या एका दाण्याने माझ्यासमोर घालवला, आणि दाणा माझा होता. मी सगळं सांगून टाकलं. खंडेनवमी, वडील, वर्कशॉप, किल्ली, सगळं. मला वाटलं, त्यांच्या यंत्रावर मी माझा देव आणून बसवला म्हणून ते भडकतील. त्यांनी एवढंच विचारलं, "किती दाणे टाकले होतेस?"

"चिमूटभर."

"चिमूट म्हणजे किती?"

"मामू, अक्षता कुणी मोजून टाकतं का?"

"मोजून टाकायला पायजे होतेस," मामू म्हणाले. "देवाला चालतं, बारुदीला चालत नाय." त्यांच्या चेहऱ्यावर मात्र आता रक्त परत आलं होतं. चूक आपली नाही एवढं कळल्यावर माणूस असा उजळतो, हे बघून मला अधिकच लाज वाटली.

मग त्यांनी मला शांतपणे समजावलं. मापाच्या भोकात दाणा बसला की तेवढी बारूद कमी पडते. बारूद कमी पडली की छर्ऱ्यांमागचा बुच्चा बंदुकीच्या नळीतच अडकून राहतो. झाडणाऱ्याला वाटतं, बार फुसका गेला, तो दुसरं काडतूस घालतो आणि मग नळी फुटते. मी म्हटलं, वजन करून बघू. ते म्हणाले, छर्ऱ्यांच्या वजनातच इतकं कमीजास्त असतं की तांदळाचा दाणा त्यात कळायचा नाही. सातशेच्या वर काडतुसं होती. त्यांतल्या एखाद्यात दोष असेल, किंवा एकातही नसेल. मामूंनी सगळी एका पेटीत भरली, पेटीवर लाल फुली मारली, कुलूप लावलं, आणि मग प्रेस उघडून लाल, निळा, पांढरा, तिन्ही ब्रश घेऊन बसले. मागचं कुंकवाचं बोट त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं. पुसण्याआधी माझ्याकडे बघून म्हणाले, "पुसू ना? तुझी पूजा झाली ना पुरी?" मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मुदीरने विचारलं, काडतुसं कुठायत. दोन दिवसांचं काम एका दिवसात होणार नव्हतं, म्हणजे जेद्दाहून तयार काडतुसं मागवावी लागणार, आणि कफीलला पाहुण्यांसमोर दुकानातली काडतुसं ठेवावी लागणार. मी केबिनबाहेर उभा होतो. ठरवून आलो होतो, की मीच सांगायचं, मग इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, गेला तरी चालेल. मामूंनी आत जाण्याआधी माझं मनगट धरलं. "तुझी बायको हितं हाय, पोर हितल्या शाळेत हाय. तुझ्या इकाम्यावर तिघं उभी हायत. आणि तू सांगणार काय? मशीनवर कुंकू लावलं म्हणून? गप ऱ्हा."

मी गप्प राहिलो. हे लिहिताना आजही मला त्याची लाज वाटते, पण राहिलो हे खरं आहे. दाराच्या फटीतून मामूंचा आवाज आला, "मुदीर, मकीना वसिख." यंत्र घाण होतं. मग हिंदीत, "सफाई मैंने नहीं की. गलती मेरी." मुदीरने दोनदा विचारलं, कारण त्यालाही ते पटत नव्हतं. मामूंनी दोनदा तेच सांगितलं. बाहेर येऊन त्यांनी वही उघडली, आदल्या दिवसाची रिकामी ठेवलेली ओळ काढली आणि त्या गोल अक्षरात लिहिलं: 'मैलं'. खाली सही केली.

सामने झाले, कुणाला खरचटलंही नाही. पण मुदीर बरेच दिवस तरुण माणूस शोधतच होता, आणि आता त्याला कारण सापडलं. मामूंचा इकामा संपायला दोन महिने होते. नवा केला नाही. खलास.

जेद्दाच्या विमानतळावर त्यांना मीच सोडायला गेलो. डोंगर उतरताना माझ्या तोंडून सारखं एकच निघत होतं, की मामू, तुम्ही असं का केलंत. बराच वेळ ते गाडीची काच आतून पुसत बसले होते. मग म्हणाले, "ताइफच्या आधी मी बुरैदाला होतो. एका शेखच्या मळ्यावर. तितं पण हेच काम. एका सांजेला दमलो होतो, कालची बारूद मापात तशीच ठेवून झोपलो. दुसऱ्या दिवशी वेगळी बारूद वर ओतली. एका पाहुण्याचा अंगठा गेला." त्यांनी फडक्याची घडी उलटली. "माझ्याबरोबर एक बंगाली होता. सगळे म्हणाले, तेनंच केलं. मी काय बोललो नाय. तेला आठ दिवसांत घरी पाठवला. जाताना माझ्याशी हात मिळवून गेला, तेला म्हायतच नव्हतं." घाट उतरल्यावर म्हणाले, "तेव्हा मशीन मैलं होतं. तेव्हा लिवायचं ऱ्हायलं होतं."

निरोप घेताना त्यांनी मला तिन्ही ब्रश दिले. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी घाईने उचललं, "खाली नको वाकू, फरशी घाण हाय," आणि माझ्या गुडघ्याला हात लावून धूळ झटकली. मग त्यांचे डोळे भरून आले. पांढरं फडकं खिशात असूनही त्यांनी डोळे बाहीने पुसले.

मुदीरने तरुण माणूस आणला, तो दोन महिन्यांत पळाला. मग थाळ्यांच्या यंत्रांबरोबर प्रेसही माझ्याकडे आला. आता मी दाढी नसताना दारात उभा राहून केस झटकतो, तारेला हात लावतो, आणि माझ्या बायकोचं म्हणणं आहे की मी हल्ली तिची ताटं पुसतो. खंडेनवमीला मी हळदकुंकू नेत नाही. त्या दिवशी प्रेस नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त घासतो, बस्स.

गेल्या नवमीला वही चाळताना ते पान आलं. वर साफ, खाली साफ, आणि मध्ये तो एक शब्द. मला राहवेना. मी मामूंना फोन लावला. ते गावी अंगणात बसले होते, मागे कुणीतरी भांडी घासत होतं आणि मामू त्याबद्दल काहीतरी सूचना देत होते. मी म्हटलं, "मामू, मी तो शब्द खोडतोय. तिथे 'साफ' लिहितो आणि खाली माझं नाव टाकतो. मुदीरला काय करायचं ते करू दे."

ते पलीकडून ओरडलेच. "खोडू नको! बावीस वर्सांच्या वहीत एक खोडाखोड नाय माझ्या. पान खराब करशील." मग आवाज उतरला. "ऱ्हाऊ दे, मेस्त्री. ती ओळ खोटी नाय. तारीख तेवढी चुकलीय."

मी वही मिटली. मग उघडून आजच्या तारखेसमोर 'साफ' लिहिलं, आणि सही करण्याआधी उठून प्रेस आणखी एकदा पुसून आलो.